रिकाम्या गाडीचं वजन

८ जानेवारी

प्रिय वहिनी,

पार्सल मिळालं की आधी उघडून काच फुटली नाही ना ते बघ. आत वजनकाटा आहे. आमच्या रुग्णालयात नवे काटे आले, तेव्हा जुन्यातला एक मी मागून घेतला. सुई शून्यावर नसली तर मागे चकती आहे, ती फिरव. आणि अप्पांसमोर फिरव. चाळीस वर्षं ट्रक मोजायच्या काट्यावर बसलेला माणूस आहे, बोलता आलं नाही तरी डोळ्यांनी चूक दाखवेल.

नोव्हेंबरात त्यांचं उजवं अंग गेलं, वाचा गेली. मी पंधरा दिवस राहिले आणि नोकरीवर परत आले. सगळं तुझ्या अंगावर टाकून आले, हे मला कळतं. इथे मी दीडशे रोग्यांची ताटं ठरवते आणि माझ्या बापाच्या ताटात काय पडतंय ते मला ठाऊक नाही. हे मनाला फार लागतं.

तर आता नीट ऐक. माणसाला दिवसाला किती कॅलरी लागतात हा शेवटी अंदाजच असतो, पण अंदाजालाही रीत आहे. नुसतं पडून राहिलं तरी श्वास चालू असतो, रक्त फिरत असतं. ट्रक उभा असला तरी इंजिन चालू असलं की डिझेल जळतंच. त्यावर माणूस किती हलतो, किती राबतो, तेवढं वर घालायचं. अंथरुणावरच्याला मी किलोमागे पंचवीस धरते. हिंडत्याफिरत्याला तीस, अंगमेहनत करणाऱ्याला पस्तीस-चाळीस. मात्र वजन चुकलं की पुढचं सगळं गणित पाण्यात.

अप्पांना उभं राहता येत नाही, म्हणून तू त्यांना पाठीवर घेऊन काट्यावर चढ. जो आकडा येईल त्यातून तुझं वजन वजा कर. तुझं एकदाच मोजून भिंतीवर लिहून ठेव. दर खेपेला एकटी चढ, उतर, मग त्यांना घेऊन चढ, एवढी यातायात नको. तू आमची पैलवान वहिनी, तुझ्यात काय फरक पडणार आहे!

तुझी नणंद

१७ जानेवारी

वन्संना नमस्कार,

काटा सुखरूप पोचला. आधी मी एकटी चढले, तर सुई त्रेसष्टावर! तीनदा उतरून चढले, मेली हलेचना. म्हटलं, वन्सं पैलवान म्हणतात ते काही उगाच नाही. खाटेशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने ६३ लिहून टाकलं. मग मामंजींना पाठीवर घेतलं. डाव्या हाताने गळ्याला मिठी मारतात, उजवा आपला लोंबता. दोघांचे मिळून एकशे पंधरा. म्हणजे मामंजी बावन्न. दोनदा वजाबाकी करून पाहिली, कारण तुम्ही मास्तरणीसारख्या ओरडाल.

बाकी ठीक. सकाळी अंग पुसून देते, कूस बदलते, पाठीला पावडर लावते. ते डुलकी घेतात तेव्हा मी कारखान्याच्या शर्टांना काजं-बटणं करते. गठ्ठा आणणारा म्हणतो, बाई, तुमचं काम मशीनपेक्षा सरळ. मी म्हटलं, मशीनला सासरा नसतो.

कॅलरीचं मला काही कळत नाही. तुम्ही वाटी-चमच्यात सांगा, मी तसं करते.

तुमची वहिनी

२५ जानेवारी

प्रिय वहिनी,

शाब्बास. बावन्न गुणिले पंचवीस, तेराशे. वाटी-चमच्यात सांगायचं तर तीन ग्लास दूध, दोन अंडी, कुस्करलेला बटाटा दोन वेळा, मऊ भात दोन वाट्या, दोन केळी, आणि भाजीच्या पाण्यात एक चमचा लोणी. पाणी पाजताना मान पुढे झुकव, नाहीतर ठसका लागेल. महिन्यातून एकदा वजन कळव.

तुझी नणंद

२२ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार,

लिहायला हात धजत नव्हता. काल वजन केलं, दोघांचे एकशे बारा. म्हणजे मामंजी एकोणपन्नास. महिन्यात तीन किलो गेले.

देवाशप्पथ सांगते, तुम्ही लिहिलं त्यातला एक चमचा कमी दिला नाही. उलट माझ्या वाटचं दूधही त्यांनाच देते. पहिली वाटी छान खातात. दुसरी आणली की तोंड मिटून घेतात आणि डाव्या हाताने वाटी माझ्याकडे ढकलतात. मग मी गोडीगुलाबीने, कधी रागावून, भरवतेच. लहान पोरांसारखा हट्टीपणा आलाय. परवा काट्यावर घ्यायला गेले, तर भिंतीवरचा माझा आकडा बोटाला थुंकी लावून पुसून टाकला! मी परत लिहिला. म्हटलं, मामंजी, भिंत काय पाटी आहे का?

मला जरा खोकला आहे, हवा बदलली की होतो. काळजी नसावी.

तुमची वहिनी

२ मार्च

वहिनी,

तीन किलो ही काही थोडी गोष्ट नाही. आता किलोमागे तीस धर. एकोणपन्नास तिसे चौदाशे सत्तर. एक अंडं आणि एक ग्लास दूध वाढव, भातात लोणी घाल. आणि भरवताना समोर बसून भरव. काजं-बटणं बाजूला ठेवून. एक डोळा सुईवर आणि एक वाटीवर असला की अर्धं गळ्याखाली आणि अर्धं उशीवर जातं. हे मी रोज बघते.

राग मानू नकोस. आकडे खोटं बोलत नाहीत, म्हणून लिहावं लागतं.

नणंद

२८ मार्च

वन्संना नमस्कार,

एकशे आठ. मामंजी पंचेचाळीस.

आता काय लिहू? गठ्ठा आणणाऱ्याला महिनाभर येऊ नको म्हणून सांगितलं. दिवसभर मी आणि वाटी, वाटी आणि मी. तुमच्या कागदावरचं सगळं जातं, वर एक ग्लास जास्तच जातं. हल्ली त्यांना पाठीवर घेताना भिंत धरावी लागते. पूर्वी मी झटकन उठायचे. काट्यावर सुई थांबेपर्यंत पाय थरथरतात आणि ते मागून माझ्या खांद्यावर नुसतं थोपटत राहतात. कुणी कुणाला धीर द्यायचा?

तुमच्या डॉक्टरांना विचारून औषध असेल तर सांगा.

तुमची वहिनी

५ एप्रिल

वहिनींस,

तीन दिवस विचार केला आणि मग लिहायला बसले.

अडीच महिन्यांत सात किलो माणूस गेला कुठे? चौदाशे सत्तर कॅलरी पोटात जाणाऱ्या, अंथरुणावर पडलेल्या माणसाचं वजन असं उतरत नाही. आमच्या डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, एक तर मोठा आजार आहे, नाहीतर कागदावरचं अन्न रोग्यापर्यंत पोचत नाही. त्यांना रोज दिसतं हे. घरोघरी दिसतं. माणूस बोलू शकत नसला की कोण विचारतो!

तुम्ही मुद्दाम करता असं मी म्हणत नाही. दादा गेल्याला चार वर्षं झाली. सासऱ्याचं करण्याची तुमच्यावर सक्ती नव्हती आणि नाही. झेपत नसेल तर तसं लिहायचं होतं. पण वाटीत घातलं म्हणायचं आणि काट्याने खोटं पाडायचं, याला काय म्हणू?

मी इथे बोलून ठेवलंय, रुग्णालयाच्या मागेच वृद्धांचा विभाग आहे. महिनाअखेरीस येऊन अप्पांना घेऊन जाते. त्यांचे कपडे आणि कागदपत्रं बांधून ठेवावीत.

अप्पांची मुलगी

१३ एप्रिल

वन्संना नमस्कार,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. चौथ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही.

त्यांना नेऊ नका म्हणणारी मी कोण? बाप तुमचा. पण एक सांगते, मग मनात राहायला नको. हे गेले तेव्हा माझा भाऊ मला न्यायला आला होता. मामंजींनी राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर त्यांनी दोन कप चहा केला होता. जन्मात कधी चुलीपुढे गेला नव्हता तो माणूस. चहात साखर इतकी होती की चमचा उभा राहावा. तो चहा मी प्यायले आणि राहिले. सक्ती कसली आलीय, वन्सं? चार वर्षं आम्ही दोघं एकमेकांचं घर धरून आहोत. मी त्यांच्या तोंडचा घास काढेन असं तुम्हाला वाटलं, हे मात्र फार लागलं. दुसरं कुणी बोललं असतं तर जाऊ द्या म्हटलं असतं.

कपडे बांधायला घेतले आहेत. येताना एक माप मोठा सदरा आणा. असलेले दोन काखेत काचतात, मी उसवून सैल केले तरी काचतात. लेंग्याची नाडी पुरत नव्हती, नवी लांब घातली. बाहेरच्या गाडीपर्यंत न्यायला माणूस लागेल, माझ्याच्याने आता होणार नाही. काटा म्हणतो हलके झाले, आणि मला तर ते दगडासारखे जड लागतात. माझीच पापं असतील त्यात.

आणि भिंतीचं. तुम्ही याल तेव्हा भिंत बघून म्हणाल, ही काय दशा केली, म्हणून आधीच लिहिते. काट्यावर घ्यायला गेले की ते दर वेळी माझा आकडा पुसतात. एरवी हातही लावत नाहीत, काटा ओढला की पुसतात. मी लिहिते, ते पुसतात. तिथे चुना उडून खळगा पडलाय. काल तर खाटेची पट्टी घट्ट धरून बसले आणि मलाच काट्याकडे ढकललं. मी एकटी चढून काय करू? मला रडू आलं. म्हटलं, तुम्हीही मला बाहेरच काढायला निघालात का?

तुमची
(काय लिहू ते सुचत नाही)

१९ एप्रिल

वहिनी,

हे पत्र हातात पडेल तेव्हा हातातलं काम टाक आणि काट्यावर चढ. एकटी. अप्पांना न घेता. आणि जो आकडा येईल तो मला लिही. मी निघतेच आहे, आठ-दहा दिवस इथली सोय लावण्यात जातील, पण तेवढाही धीर धरू नकोस. चढ.

तुझं पत्र मी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. सदरा काचतो, नाडी पुरत नाही, उचलायला जड. सात किलो गमावलेल्या माणसाचे सदरे काचत नाहीत, वहिनी. आणि मग तो भिंतीचा खळगा वाचला आणि मी पिठाच्या डब्यावर मटकन बसले.

लहानपणी शाळा सुटली की मी अप्पांच्या काट्यावर जाऊन बसायची. ट्रक रिकामा मोजायचा, मग भरून मोजायचा, वजाबाकी केली की मालाचं वजन. नेहमी येणाऱ्या गाड्यांची रिकामी वजनं तिथे एका पाटीवर लिहिलेली असत. ड्रायव्हरांना घाई. म्हणायचे, "पाटीवरचंच धरा की, गाडी तीच आहे." अप्पा ऐकायचे नाहीत. गाडी फाटकातून आत आली की ओल्या फडक्याने तिचा आकडा पुसून टाकायचे. म्हणायचे, "कालची रिकामी गाडी आज तेवढीच नसते. आधी रिकामी चढव."

त्या माणसाच्या पोटी मी जन्मले, आणि मी तुला लिहिलं की एकदाच मोज आणि भिंतीवर लिहून ठेव. ते दोन महिने तो आकडा पुसत होते. जिभेने सांगता येईना म्हणून बोटाने सांगत होते. दुसरी वाटी तुझ्याकडे ढकलत होते. हट्ट नव्हता तो.

वजन तुझं उतरत होतं, वहिनी, आणि मी ते अप्पांच्या नावावर लिहून तुला जाब विचारत बसले. आकडे खोटं बोलत नाहीत म्हणून वर तोराही मिरवला. मोठी आहारतज्ज्ञ! माझ्या वह्यांत हजारो माणसांचे आकडे आहेत आणि तुला दिवसाला किती लागतं, हे मी एकदाही मांडलं नाही. रोग्याचं विचारलं, रोग्याला उचलणारीचं विचारलं नाही.

मागच्या पत्रात जे लिहिलं त्याची माफी मागायला मला तोंड नाही. तोंड नसताना मागते आहे. मला माफ कर. खोकला अजून आहे का, खरं लिही.

तुझीच

२४ एप्रिल

वन्सं,

अठ्ठेचाळीस.

मला वाटलं काटा बिघडला. मामंजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, बिघडला नाही म्हणून. मग त्यांना घेऊन चढले, शेजारच्या बाईंनी मागून धरलं. एकशे सहा. म्हणजे ते अठ्ठावन्न. सहा किलो वाढलेत हो तुमचे अप्पा! हसू की रडू कळेना.

खरं लिही म्हणालात, तर लिहिते. खोकला फेब्रुवारीपासून आहे. संध्याकाळी कणकण येते, अंगावरचा कपडा भिजतो. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही त्यांना घेऊन गेला असता, म्हणून गप्प बसले. भूक लागतच नव्हती. त्यांचं झालं की ओट्याशी उभ्यानेच काहीतरी तोंडात टाकायची, कधी राहूनच जायचं. ब्लाउज सैल झाले ते मी दोन टाके घालून आत घेतले. सुई हातातच असते ना. त्यांचे सदरे सैल करत होते आणि माझे ब्लाउज आत घेत होते, आणि दोन्ही एकाच खाटेवर बसून. माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही बघा.

त्रेसष्ट मी माझ्या हाताने पुसलं आणि खाली अठ्ठेचाळीस लिहिलं. मामंजींनी डोळे मिटले, पाणी उशीवर गेलं. नोव्हेंबरपासून त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. दुपारी वाटी नेली तर पहिलाच घास घेईनात. माझ्याकडे बोट. मी खाल्ला, मग त्यांनी खाल्ला. असं करत वाटी संपवली, एक मला, एक त्यांना. जेवायला तास लागला.

माफीचं काही लिहू नका. या लवकर. मला थोडी भीती वाटते आहे.

तुमची वहिनी

२० मे

प्रिय वहिनी,

तुला दाखल केलं त्या वॉर्डात मला अजून आत सोडत नाहीत, म्हणून पुन्हा पत्रच. खिडकीतून हात केलास तो दिसला. चादर गळ्यापर्यंत ओढून हसत होतीस, मला फसवायला.

डॉक्टरांशी बोलले. दोन्ही फुप्फुसांत क्षय आहे, डावीकडे जास्त. ते काही लपवत नाहीत आणि मीही लपवणार नाही. उशीर झालाय. पण औषध आहे, आणि ते म्हणाले की औषधाइतकंच अन्नावर आहे. महिनाभर आधी आली असती तर बरं होतं, असंही म्हणाले. तो महिना माझ्या पत्रांनी खाल्ला. हे मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि तू मला विसरायला सांगू नकोस. अप्पांची छाती तपासली, ती स्वच्छ आहे.

आता रजा टाकून घरी अप्पांना मी बघते. पहिल्याच दिवशी पाठीवर घ्यायला गेले आणि दोघंही खाटेवर आडवे. ते हसले, वहिनी! आवाज नाही आला पण पोट हललं. अंग पुसणं, कूस, भांडी, चादरी, दुपारी पुन्हा कूस. तिसऱ्या दिवशी माझे गुडघे बोलायला लागले. माझ्या वहीत अंगमेहनतीच्या रकान्यात हमाल आहे, गवंडी आहे, लोहार आहे. त्यांच्याखाली आता मी तुझं काम लिहिलंय.

आणि तुझं गणित मांडलंय. अठ्ठेचाळीस धरून नाही, त्रेसष्ट धरून. किलोमागे पस्तीस, बावीसशे पाच. तापाचे दोनशे वर. जेवण मीच पाठवणार, सिस्टरशी बोलले आहे. डबा परत येईल तेव्हा मी तो हुंगून, खरवडून बघेन, हे लक्षात ठेव. नणंद आहे मी.

भिंत तशीच आहे. वजन करायचं तेव्हा मी आधी एकटी चढते आणि माझा आकडा लिहिते, पुढच्या खेपेला अप्पा तो पुसतात, मी पुन्हा चढते. तुझे अठ्ठेचाळीस मात्र पुसत नाहीत. परवा मीच पुसायला गेले, मला बघवेना, तर माझं मनगट धरलं. मग आठवलं. गाडी परत आल्याशिवाय पाटीवरचा आकडा पुसायचा नसतो. ते रोज त्या आकड्याकडे तोंड करून झोपतात.

तुझी नणंद

९ जून

वन्संना नमस्कार,

हात थरथरतो, म्हणून थोडंच लिहिते. डबा सगळा संपवते. दोनदा उलटून पडलं, पण परत खाल्लं. शेजारच्या खाटेवरची काल गेली. तिचा डबा आणणारं कुणी नव्हतं.

आज सकाळी सिस्टरने काट्यावर उभं केलं. धरते म्हणाली, मी म्हटलं नको, एकटीच चढते.

साडेएकोणपन्नास.

मामंजींना म्हणावं, पुसा.

तुमची वहिनी